विश्लेषण : ‘ज्युरासिक पार्क’च्या ६८ वर्षं आधी डायनासोरना चालायला लावणारे विलिस ओब्रायन कोण होते?

‘ज्युरासिक पार्क’ १९९३मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी हिंदीत डब होऊन आपल्याकडच्या थिएटरांत पोहोचला. त्या मालिकेच्या दुसऱ्या भागाचं नाव ‘द लॉस्ट वर्ल्ड’. त्यात शेवटी टी-रेक्स बेटावरून थेट शहरात येऊन धुमाकूळ घालतो. हे नाव आणि शहरात सुटलेला डायनासोर, दोन्ही गोष्टी त्याआधी पडद्यावर येऊन गेल्या होत्या. १९२५च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या मूकपटात ब्राँटोसॉरस लंडनच्या रस्त्यांवर मोकळा सुटतो, लोक सैरावैरा पळतात आणि त्याच्या वजनाने पूल कोसळतो.

कॉम्प्युटर ग्राफिक्स सोडाच, चित्रपटाला तेव्हा आवाजही नव्हता. मग हे केलं कसं? आणि शंभर वर्षांनंतरही लोक तो चित्रपट का शोधून पाहतात? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच माणसापाशी येऊन थांबतं.

गुराखी, बॉक्सर, व्यंगचित्रकार...

विलिस ओब्रायन यांचा जन्म २ मार्च १८८६चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. अकराव्या वर्षी त्यांनी घर सोडलं. पुढे गुरांच्या रँचवर काम, कारखान्यात मजुरी, बारमध्ये नोकरी, रेल्वेत ब्रेकमन, वास्तुविशारदाच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन, वर्तमानपत्रात क्रीडा व्यंगचित्रकार असं बरंच काही झालं. काही काळ ते पैशासाठी बॉक्सिंगही खेळले. ओरेगॉनच्या क्रेटर लेक परिसरात जीवाश्म शोधायला आलेल्या शास्त्रज्ञांचे वाटाडे म्हणूनही त्यांनी काम केलं. आजच्या भाषेत हा अत्यंत विस्कळीत रेझ्युमे. पण यातल्या तीन गोष्टी पुढे कामी आल्या : ड्रॉइंग, जीवाश्मांची ओढ आणि बॉक्सिंग.

फावल्या वेळात ते मातीचे छोटे बॉक्सर बनवत. त्यांची लुटुपुटूची लढत लावता लावता यांना कॅमेऱ्यासमोर हलवलं तर, असा विचार त्यांच्या डोक्यात आला, असं सांगितलं जातं. माती आणि सांगाड्यांपासून त्यांनी गुहामानव आणि डायनासोरची छोटीशी चाचणी फिल्म केली. ती पाहून एका चित्रपट व्यावसायिकाने त्यांना ५,००० डॉलर दिले. त्यातून तयार झालेला ‘द डायनासोर अँड द मिसिंग लिंक’ हा लघुपट थॉमस एडिसन यांच्या कंपनीने घेतला आणि १९१७मध्ये प्रदर्शित केला.

स्टॉप-मोशन म्हणजे नेमकं काय?

फोनवर रील बनवणाऱ्यांना हे लगेच कळेल. एक पुतळा ठेवायचा, एक फ्रेम टिपायची. पुतळ्याचा पाय किंचित सरकवायचा, पुन्हा एक फ्रेम. बोलपटाच्या एका सेकंदासाठी अशा २४ फ्रेम लागतात. म्हणजे डायनासोर पडद्यावर दहा सेकंद चालायला हवा असेल, तर २४० वेळा त्याचे पाय, मान, शेपूट, जबडा हाताने हलवायचे. मध्येच हात लागून पुतळा पडला किंवा दिव्याचा प्रकाश बदलला, तर पहिल्यापासून सुरुवात. यात ‘अनडू’चं बटण नाही.

‘द लॉस्ट वर्ल्ड’साठी ओब्रायन यांना जोडीदार मिळाले मार्सेल डेलगाडो. मेक्सिकोत जन्मलेला हा तरुण किराणा दुकानात काम करून कलाशाळेत शिकत होता. ओब्रायन यांनी दिलेली नोकरी त्याने आधी नाकारली होती, पण स्टुडिओ पाहायला म्हणून गेला आणि तिथेच राहिला. त्याने सुमारे ५० डायनासोर घडवले. आत गोळी-खोबणीच्या सांध्यांचा धातूचा सांगाडा, त्यावर स्नायूंच्या जागी स्पंज, वर रबराची कातडी. बाह्यरूप बेतलं चार्ल्स नाइट या चित्रकाराच्या डायनासोर-चित्रांवर. काही पुतळ्यांच्या पोटात हवेची पिशवी बसवली होती. ती फ्रेमगणिक थोडी फुगवायची, थोडी सोडायची, की प्राणी श्वास घेतो आहे असं दिसतं. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. सांध्यांची ही रचना पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, आमच्या लॅबमधल्या अर्ध्या प्रोजेक्टपेक्षा ही सरस आहे.

मूळ कादंबरी आर्थर कॉनन डॉइल यांची, १९१२ची. तिच्यात लंडनमध्ये टेरोडॅक्टिल सुटतो, चित्रपटवाल्यांनी त्याच्या जागी ब्राँटोसॉरस आणला. जून १९२२मध्ये डॉइल यांनी न्यूयॉर्कमध्ये जादूगारांच्या एका मेजवानीत ओब्रायन यांची चाचणी फिल्म दाखवली आणि ती कुठून आली हे सांगितलंच नाही. जमलेल्यांत हुडिनी होते, म्हणजे लोकांना फसवणं हाच ज्यांचा धंदा ती मंडळी. तरीही दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर त्या डायनासोरची बातमी होती. मग डॉइल यांना खुलासा करावा लागला. गंमत अशी, की त्या रात्रीचे सगळे किस्से डॉइल आणि हुडिनी यांच्या नावावर सांगितले जातात. फिल्म ज्यांनी केली त्यांचं नाव शोधावं लागतं. ओब्रायन यांच्या बाबतीत हे पुढेही होत राहिलं.

‘किंग काँग’चं वर्ष

१९३०-३१मध्ये ओब्रायन आरकेओ स्टुडिओत ‘क्रिएशन’ या डायनासोरपटावर काम करत होते. खर्च वाढत होता. मेरियन कूपर यांनी तो पाहिला आणि बंद केला. मात्र त्यातलं तंत्र आणि माणसं त्यांनी आपल्या महाकाय वानराच्या गोष्टीसाठी उचलली. ‘किंग काँग’ २ मार्च १९३३ला न्यूयॉर्कमध्ये झळकला. तो ओब्रायन यांचा ४७वा वाढदिवस होता. महामंदीच्या ऐन कडाक्यात पहिल्या चार दिवसांत जवळपास ९०,००० डॉलरचा गल्ला जमला.

काँगचा पुतळा होता सुमारे १८ इंचांचा, अंगावर सशाची फर. प्रत्येक फ्रेमला बोटं लागून ती फर विस्कटायची, त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सतत हलताना दिसतात. तांत्रिकदृष्ट्या ही चूक. प्रेक्षकांना मात्र तो रागाने अंगावरचे केस फुलवतोय असं वाटलं.

टी-रेक्सशी काँगची लढत आजही पाहावी. टी-रेक्स येतो तो आधी कान खाजवतो. काँग ठोसे मारतो, पकड घालतो, पाठीवर चढतो. रिंगमध्ये उतरलेल्या माणसाशिवाय हे कुणाला सुचलं नसतं. टी-रेक्स मेल्यावर काँग त्याचा जबडा उघडझाप करून बघतो, खरंच मेला का म्हणून. कथेला या क्षणाची गरज नव्हती. हे जुने चित्रपट टिकले याचं माझ्या मते कारण हेच. पुतळा हलतोय हे आपल्याला कळत असतं, तरी त्याच्या मनात काहीतरी चाललंय असं वाटत राहतं. अलीकडच्या कितीतरी महागड्या ग्राफिक्समध्ये कातडीचा प्रत्येक खवला दिसतो, पण प्राणी नुसता ओरडतो आणि धावतो.

त्याच वर्षी घर उद्ध्वस्त झालं. पत्नी हेझल यांच्यापासून ते वेगळे राहत होते. हेझल यांना गंभीर आजार होते, मानसिक स्वास्थ्यही ढासळलेलं. मोठा मुलगा विल्यम क्षयामुळे अंध झाला होता. ऑक्टोबर १९३३मध्ये हेझल यांनी दोन्ही मुलांना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःवरही झाडली. मुलं गेली. हेझल वाचल्या, पण वर्षभराने त्यांचाही मृत्यू झाला. ‘सन ऑफ काँग’ त्याच डिसेंबरमध्ये ठरल्याप्रमाणे प्रदर्शित झाला. १९३४च्या अखेरीस ओब्रायन यांनी डार्लिन यांच्याशी लग्न केलं. त्या शेवटपर्यंत सोबत राहिल्या.

न झालेल्या चित्रपटांची यादी

यानंतरची जवळपास तीस वर्षं म्हणजे मुख्यतः बंद पडलेले प्रकल्प. ‘वॉर ईगल्स’ दुसऱ्या महायुद्धाच्या सावटात गुंडाळला गेला. काउबॉय आणि डायनासोरची गोष्ट असलेला ‘ग्वांगी’ १९४२मध्ये थांबला. ‘किंग काँग’ला ऑस्कर मिळालं नाही, कारण तेव्हा स्पेशल इफेक्ट्सचा विभागच नव्हता. ‘मायटी जो यंग’ (१९४९)ला तो मिळाला.

त्या चित्रपटातलं बहुतांश अॅनिमेशन एका तरुणाने केलं होतं : रे हॅरीहाउजन. तेराव्या वर्षी ‘किंग काँग’ पाहून तो झपाटला होता. शाळेत असताना त्याने ओब्रायन यांना आपला स्टेगोसॉरस नेऊन दाखवला. ओब्रायन यांनी पायांची तुलना सॉसेजशी केली आणि आधी शरीररचना शिकून ये म्हणून सांगितलं. तो खरंच शिकला.

सगळ्यात क्रूर प्रसंग १९६०चा. ‘द लॉस्ट वर्ल्ड’ पुन्हा बनवायचं ठरलं, ओब्रायन यांना कामावर घेतलं. त्यांनी रेखाटनं केली. पण स्टॉप-मोशनला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून दिग्दर्शक-निर्माते अर्विन अॅलन यांनी जिवंत घोरपडी-सरड्यांना शिंगं आणि कल्ले चिकटवून डायनासोर म्हणून उभं केलं. श्रेयनामावलीत ओब्रायन यांचं नाव आहे, काम दिसत नाही. काँगला फ्रँकेन्स्टाइनच्या महाकाय प्राण्याशी लढवण्याची त्यांची कल्पनाही त्यांच्या हातून निसटली. ती फिरत फिरत जपानला पोहोचली आणि १९६२मध्ये ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ या रूपात आली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं.

मग ‘ज्युरासिक पार्क’शी संबंध काय?

‘ग्वांगी’ अखेर हॅरीहाउजन यांनी १९६९मध्ये पडद्यावर आणला. हॅरीहाउजन यांचे चित्रपट पाहून वाढलेले फिल टिपेट ‘ज्युरासिक पार्क’चे डायनासोर सुधारित स्टॉप-मोशनने करणार होते. कॉम्प्युटरवरची चाचणी पाहून स्पीलबर्ग यांनी बेत बदलला. पण कॉम्प्युटरवाल्यांना प्राणी चालवायचा कसा हे शिकायचं होतं. म्हणून धातूचे सांगाडे बनवले, प्रत्येक सांध्यात सेन्सर बसवले. जुने कलाकार ते हाताने फ्रेम-फ्रेम हलवत आणि माहिती कॉम्प्युटरमध्ये जाई. चित्रपटातले काही शॉट असेच झालेत.

१९२५च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’च्या बहुतेक प्रती १९२९नंतर नष्ट झाल्या. अनेक दशकं फक्त तोडकामोडका तुकडा उपलब्ध होता. चेक अभिलेखागारात सापडलेल्या प्रतीसह वेगवेगळे तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला गेला. १९९८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. आता दीड तासाहून मोठी आवृत्ती पाहता येते. सुरुवात संथ आहे, घाई असेल तर थोडं पुढे ढकला. पण डायनासोर आले, की त्यांच्या पोटाकडे लक्ष ठेवा. काही जण श्वास घेताना दिसतील.