हवेला वळण लावणारा माणूस : विलिस कॅरियर

अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरत नव्हते, तेव्हा आईने सफरचंदे कापली आणि फोडी मांडून लहान विलिसला अर्धा, पाव समजावला. विलिस कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, एका शेतकरी घरात झाला. ते अकरा वर्षांचे असताना आई गेली. तिची शिकवण मात्र जन्मभर पुरली.

शिष्यवृत्ती मिळवून ते कॉर्नेल विद्यापीठात शिकले व १९०१ साली इंजिनिअर झाले. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या एका छापखान्याची अडचण त्यांच्यापुढे आली. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसत नसत. कॅरियर यांनी थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा खेळवली. हवेतील बाष्पाचे नळ्यांवर पाणी झाले, हवा कोरडी झाली. आधुनिक वातानुकूलनाचा जन्म असा झाला. १९१५ साली त्यांनी सहा सहकाऱ्यांसह स्वतःची कंपनी काढली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

आज घरातल्या यंत्राच्या नळीतून ठिबकते ते हेच पाणी. नळी तुंबली तर ते खोलीत गळते. जाळी धुळीने भरली तर हवा अडते आणि वीज वाया जाते.

माझी आई शाळेत गेलेली नाही. पण अर्धी भाकरी आणि चतकोर भाकरी यांतला हिशेब मला तिनेच शिकवला. कॅरियर यांचे चरित्र वाचताना म्हणूनच ते मला परके वाटले नाहीत.