हसवणाऱ्याचा लाल रंग

कॉमिक्समधले नायक म्हटले की माझ्या पिढीला इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवतो, नातवंडांना बॅटमॅन. दोघेही गंभीर चेहऱ्याचे. या मांदियाळीत एक विक्षिप्त नायकही आहे, प्लॅस्टिक मॅन. रबरासारखा ताणला जाणारा हा गडी कधी खुर्ची होतो, कधी सतरंजी, कधी दिवा. पोशाखाचा लाल रंग तेवढा कायम. त्यामुळे खोलीतली कोणती वस्तू म्हणजे आपले महाशय, हे वाचकाला कळते. चोराला कळत नाही.

त्याचा जन्मदाता जॅक कोल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या न्यू कॅसल गावी १९१४ साली जन्मलेला. चित्रकलेच्या टपाली शिक्षणक्रमाला वडील पैसे देईनात, तेव्हा पठ्ठ्याने एक पुस्तक आतून कोरून त्यातून घरचे सँडविच शाळेत नेले आणि जेवणाचे पैसे साठवून फी भरली. सतराव्या वर्षी एकटाच सायकलवरून लॉस एंजेलिसला गेला. पुढे डोरोथीशी लग्न झाले. १९३६ साली गावातल्या व्यापाऱ्यांकडून कर्ज घेऊन दोघे न्यूयॉर्कला आले. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. केवळ हातातल्या पेन्सिलीच्या तारणावर कर्ज देणाऱ्या त्या दुकानदारांना माझा नमस्कार.

ऑगस्ट १९४१ च्या ‘पोलीस कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात प्लॅस्टिक मॅन अवतरला. हा मुळात ईल ओब्रायन नावाचा तिजोऱ्या फोडणारा चोर. दरोड्यात गोळी लागते, जखमेत आम्ल जाते, साथीदार टाकून पळतात. एक साधू त्याला आश्रय देतो आणि चोराचा रक्षक होतो. आपल्याला वाल्या कोळी ठाऊक असल्याने ही कथा परकी वाटत नाही.

नायक लोकप्रिय झाला, पण त्याची मालकी प्रकाशकाची. १९५६ साली तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. कोल तोवर ‘प्लेबॉय’ मासिकात जलरंगातली विनोदी चित्रे काढू लागला होता. तरी रोजच्या वर्तमानपत्रात आपल्या नावाची चित्रमालिका असावी, हे त्याचे जुने स्वप्न. २६ मे १९५८ रोजी तेही पुरे झाले. ‘बेट्सी अँड मी’ ही नवरा, बायको आणि त्यांच्या अतिहुशार मुलाची गोष्ट. जॅक आणि डोरोथीला मूल नव्हते.

त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते. १३ ऑगस्टला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कोलने स्वतःचे आयुष्य संपवले. पत्नीला पत्र लिहिले होते, पण त्यातले कारण जगापुढे आले नाही.

मी कादंबरीकार. अशा ठिकाणी धागे जुळवण्याचा मोह मला फार. मूल नव्हते म्हणून, मालकी नव्हती म्हणून, असे काहीही लिहिता येईल. परंतु ते त्या माणसावर अन्याय करणारे ठरेल. पत्र डोरोथीचे होते. तिच्यापाशीच राहू द्यावे.

मनात राहतो तो लाल रंग. कोलने आपल्या नायकाला ओळखीची एक खूण दिली होती. खऱ्या माणसांना ती नसते. सगळ्यांना हसवणारा, प्रत्येकाच्या सोयीने वाकणारा एखादा काका, एखादी मावशी प्रत्येक घरात असते. त्यांना काय हवे, हे कोणी विचारतच नाही. आज रविवार आहे, सगळे घरी आहेत. चहाचा कप हाती देताना तेवढे विचारावे.