बिनटपाची बुगाटी आणि मामाची गाडी

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये कुणाचं तरी कार्बोरेटर उघडून बसलेली पोरं दिसली की मला आमचा कल्याणचा मामा आठवतो. मामाकडे एक जुनी उघडी गाडी आहे. दोन माणसांची, टप कापडी, चाकांना सायकलसारख्या तारा, आणि पुढची काच चक्क बॉनेटवर आडवी होते. एमजी टीसी, १९४७ सालची. १९७४ मध्ये मुंबईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून मामाने ती घेतली तेव्हा मामीने दोन दिवस अबोला धरला होता म्हणे. रेल्वेतल्या माणसाला काय करायचीय स्पोर्ट्स कार, हा तिचा प्रश्न तसा रास्तच होता.

पण हा लेख मामावर नाही, जेआरडी टाटांवर आहे. मामा मध्ये का आला ते सांगतो.

२६ जुलै २००५ ला कल्याणात खाडीकडचा सगळा भाग पाण्याखाली गेला. लाल चौकीजवळच्या मामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाणी गाडीच्या सीटपर्यंत चढलं. या गाडीच्या बॉडीचा सांगाडा लाकडाचा, वरून पत्रा. लाकूड फुगलं, दारं बंद होईनात, गिअरबॉक्समधून चहासारखं पाणी निघालं. मी तेव्हा मेकॅनिकलच्या थर्ड इयरला होतो, म्हणजे स्वतःला इंजिनीअर समजण्याचं नेमकं वय! मामा बाजारात गेल्याचं बघून मी वॉटर पंप बसवायला घेतला. एक बोल्ट सापडेना, म्हणून त्याच मापाचा दुसरा उचलला. पाना बरोब्बर बसला, दोन फेरे गेले, मग जड लागायला लागला, आणि मी जोर लावला. कट्! आटे गेले.

त्याचं असं आहे. या इंजिनाच्या बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची आहेत, पण आटे मेट्रिक. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा जो इंजिन कारखाना घेतला तो हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, आणि तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडायची. यंत्रं बदलण्यापेक्षा बोल्टचं डोकं इंग्रजी ठेवलं, म्हणजे इंग्रज मेकॅनिकचे पाने चालतील. डोकं एका देशाचं, आटे दुसऱ्या देशाचे! हे मला माहीत नव्हतं. मामा आल्यावर रागावला नाही, हे जास्त वाईट. त्याने कपाटातून आर. एम. लालांनी लिहिलेलं जेआरडींचं चरित्र काढून दिलं आणि हे वाचून झाल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. मला वाटलं होतं वर्कशॉप मॅन्युअल देईल.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून याच सुझानबाईंचं नाव घेतलं जातं. थोडक्यात, स्टीअरिंग घराण्यातच होतं. उत्तर फ्रान्समधल्या हार्डेलोच्या किनाऱ्यावर त्यांच्या शेजारी ब्लेरिओचं घर होतं, विमानातून इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा तो ब्लेरिओ. तिथे पंधराव्या वर्षी हा मुलगा विमानात बसून एक चक्कर मारून आला आणि पुढच्या आयुष्याचं ठरून गेलं.

आता आपल्यासाठी महत्त्वाचं. या माणसाला केंब्रिजला इंजिनीअरिंग करायचं होतं. आधी फ्रेंच सैन्यातली सक्तीची नोकरी आडवी आली, मग १९२५ मध्ये वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं आणि बाँबे हाऊसमध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. आई आधीच गेलेली. बाविसाव्या वर्षी भावंडांची जबाबदारी आणि कंपनीतली जागा दोन्ही अंगावर, आणि हातात पदवी नाही. ती रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. आपण इथे एका केटीवरून आयुष्य संपल्यासारखे मेसच्या पायरीवर बसतो!

याच काळात त्यांनी बुगाटी घेतली. निळी, उघडी, टप नाही आणि मडगार्डही नाहीत. मडगार्ड नसलेली गाडी पावसाळ्यात मुंबईत चालवणं म्हणजे काय, हे मला मामाच्या गाडीवरून थोडंफार ठाऊक आहे. आमच्याला निदान मडगार्ड तरी आहेत. या गाडीने त्यांनी मुंबई ते पुणे अंतर अडीच तासांत कापल्याचं सांगतात. तेव्हा ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल नव्हता, तो १९७३ चा. रस्ता ठाणे, मुंब्रा, पनवेल असा फिरून जायचा आणि मग खोपोलीहून बोरघाट. म्हणजे आपण कल्याणहून शीळफाट्याला जिथे बाहेर पडतो, तिथून तो निळा धुरळा गेला असणार. मी तिथून जाताना दर वेळी हा विचार करतो, आणि दर वेळी ट्रॅफिकमध्ये अर्धा तास करतो.

वेगाच्या या नादापायी एका अपघाताचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. बचावासाठी जेआरडी जॅक विकाजी या नामांकित वकिलांकडे गेले आणि त्यांच्या घरी त्यांची पुतणी थेल्मा भेटली. डिसेंबर १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं. हा भाग मामा फार रंगवून सांगतो, मामी समोर असली तर जास्तच.

मधल्या काळात जमिनीवरचा वेग पुरेनासा झाला होता. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतातला नंबर एक. १९३० मध्ये आगाखानांनी बक्षीस लावलं होतं, इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून, इंग्लंडहून, अस्पी इंजिनीअर नावाचा कोवळा पोरगा येत होता. इजिप्तमध्ये अबुकिरच्या तळावर जेआरडी उतरले तर अस्पी तिथेच अडकून पडलेला. कारण काय? स्पार्क प्लग! जवळ जादाचा प्लग नव्हता. जेआरडींनी आपल्या जवळचे प्लग त्याला दिले. दोघे आपापल्या दिशेला उडाले, आणि थोड्या तासांच्या फरकाने अस्पी जिंकला. तोच अस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय हवाईदलाचा प्रमुख झाला.

पुस्तकात इथे मामाने पेन्सिलीने रेघ मारली होती. मी आधी समजलो दिलदारीसाठी. नंतर लक्षात आलं, रेघ जादा प्लग बरोबर ठेवण्याच्या वाक्याखाली होती. मामा मामाच आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरवलं. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, डब्यांमध्ये. पुढे मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्सेंट गेले. जुहूची धावपट्टी म्हणजे नुसता चिखलवट, पावसाळ्यात बंद, मग मुक्काम पुण्याला हलवायचा. यातून एअर इंडिया उभी राहिली. १९३८ मध्ये, चौतिशीत, ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. स्टील, रसायनं, टेल्को हे सगळं तुम्हाला कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीत पाठ असतंच, ते इथे नको. एवढंच सांगतो की टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्याचं श्रेय आपल्या सुमंत मुळगावकरांचं, आणि चांगल्या इंजिनीअरला हवं ते करू देणं हे जेआरडींचं.

मला त्यांच्यातलं आवडतं ते वेगळंच. १९५३ मध्ये सरकारने एअर इंडिया ताब्यात घेतली. त्यांना ते पटलं नव्हतं, तरी पंचवीस वर्षं ते तिचे बिनपगारी अध्यक्ष राहिले. विमानातून गेले की परत आल्यावर टिपणांचा पाऊस. पडद्यांचा रंग, सीट किती मागे झुकते, चहा आणि कॉफी रंगावरून ओळखू का येत नाही, काय वाट्टेल ते. संडासात टॉयलेट पेपर नीट लावलाय का हेही स्वतः बघायचे. वस्तू दुसऱ्याच्या नावावर गेल्यावरही आपलीच असल्यासारखी सांभाळायची, हे मला काही जमणार नाही. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. तरीही १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ या छोट्या जुन्या विमानातून त्यांनी पुन्हा कराची ते मुंबई उड्डाण केलं, पहिल्या टपालाला पन्नास वर्षं झाली म्हणून. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात गेले, आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत आईवडिलांजवळ विसावले. एअर इंडिया टाटांकडे परत आली ती जानेवारी २०२२ मध्ये. ते बघायला ते नव्हते.

पुस्तक मी चार दिवसांत संपवलं होतं. मामाने मग शेडचं कुलूप उघडलं आणि आटे गेलेल्या भोकात नवे आटे बसवायला मलाच लावलं. एक पूर्ण रविवार गेला. ड्रिल सरळ धरायला त्या दिवशी शिकलो, वर्कशॉप प्रॅक्टिकलला नव्हे. पुढची बरीच वर्षं माझं काम म्हणजे गाडीचे दोन एसयू कार्बोरेटर जुळवणं. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. मामाचे कान आता गेलेत, म्हणून ते माझ्याकडे आलं.

गेल्या दिवाळीत मामाने गाडी विकायची ठरवली. शेडच्या जागेवर इमारत होतेय, आणि त्याला क्लच दाबवत नाही. मी घेईन म्हणालो नाही. ठेवणार कुठे, क्वार्टर्समध्ये? पावसाळ्यात लाकूड कोण बघणार? घेणारा पुण्याचा. ट्रकवर चढवून नेतो म्हणाला, पण मामा ऐकेना. पहाटे साडेचारला निघालो, टप काढून, काच आडवी करून. शीळफाट्याला रस्ता मोकळा होता. मामाने इशारा केला तसा मी पाय जरा जास्त दाबला. खोपोलीला इंजिन तापलं, थांबून पाणी घातलं, घाटात दोनदा थांबलो, लोणावळ्याला चहा प्यायलो, आणि पुण्यात पोचायला सव्वापाच तास लागले.

किल्ली देताना मामाने त्या गृहस्थांना पुठ्ठ्याची एक छोटी पेटी दिली. आत चार नवे स्पार्क प्लग होते, आणि माझ्या हातचा तो मोडका बोल्ट. वीस वर्षं त्याने ठेवला होता हे मला माहीत नव्हतं. प्लग कुठे ठेवायचे ते त्याने दाखवलं. बोल्ट मात्र काढून माझ्या खिशात टाकला.