गोपाळ कृष्ण गोखले : एका नेतृत्वाची घडण

नेतृत्व उपजत असते की घडवावे लागते, हा वाद जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्राकडे पाहिले असता निदान एका प्रकारचे नेतृत्व तरी जवळजवळ पूर्णतः घडवलेले असते, असे मानावे लागते. टिळकांचा लढाऊ पिंड किंवा फिरोजशहा मेहतांचा राजेशाही थाट गोखल्यांपाशी नव्हता. स्वभावाने ते संकोची आणि हळवे होते व टीका त्यांच्या मनाला फार लागे. असा मनुष्य वयाच्या पस्तिशीनंतर कर्झनसारख्या व्हाइसरॉयसमोर उभा राहून सरकारी अर्थसंकल्पाची चिरफाड करू शकला. हे कसे घडले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. 1879 मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. गोखल्यांच्या पुढील काटेकोरपणाचे मूळ या आठ रुपयांत शोधण्याचा मोह होतो, आणि तो सर्वस्वी अनाठायी आहे असे वाटत नाही. 1884 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन करू लागले. इंग्रजीबरोबरच गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे जे विषय वाट्याला येतील ते त्यांनी शिकविले. बर्कचे उतारेच्या उतारे पाठ करण्याची त्यांची सवय सहकाऱ्यांच्या थट्टेचा विषय होती. आजच्या वाङ्मयाभ्यासकाला पाठांतर कमी प्रतीचे वाटेल, परंतु परक्या भाषेत लांब वाक्याचा तोल सांभाळण्याचे बळ त्यांनी याच मार्गाने कमावले.

मात्र खरी शाळा पुढेच होती. 1887 च्या सुमारास ते न्यायमूर्ती रानड्यांच्या सहवासात आले. रानडे त्यांच्याहून चोवीस वर्षांनी वडील होते आणि त्यांची शिस्त कठोर होती. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि सरकारकडे धाडावयाच्या अर्जांचे मसुदे या तरुणावर सोपविण्यात आले. सरकारी अहवाल वाचायचे, त्यांतील आकडे ताडून पाहायचे, मसुदा करायचा आणि गुरूने खोडला की पुन्हा लिहायचा, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. हे अर्ज सरकार वाचीत नाही, अशी गोखल्यांची तक्रार असे. त्यावर रानडे त्यांना समजावीत, की अर्जावर नाव सरकारचे असले तरी खरा वाचक लोक आहेत, त्यांना विचार करावयास शिकवायचे आहे.

या शिक्षणाची कसोटी 1897 मध्ये लागली. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. वय अवघे एकतीस वर्षांचे, पण साक्ष उत्तम झाली. त्याच वेळी पुण्यातील प्लेगबंदोबस्तात सैनिकांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराविषयी खासगी पत्रे त्यांच्या हाती आली आणि तो आरोप त्यांनी तेथे जाहीरपणे केला. मुंबई सरकारने इन्कार केला. जूनमध्ये रँडचा खून झाला आणि वातावरण पेटले. परत आल्यावर पुरावा द्यायचा तर पत्रे लिहिणारांची नावे उघड करावी लागणार होती. ती त्यांनी केली नाहीत. आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून बिनशर्त माफी मागितली. या माफीने ते पुण्यात जवळजवळ वाळीत पडले. ती माफी दुबळेपणाची होती, असे त्या काळी पुष्कळांना वाटले, आणि आजही कोणाला तसे वाटू शकेल. प्रस्तुत लेखकाला त्यात निराळे काही दिसते. आपल्या शब्दाची जबाबदारी इतरांवर न ढकलता एकट्याने उचलावी, हे रानड्यांच्या मसुद्यांत शिकलेले नव्हते. ते त्यांना त्या उन्हाळ्यात शिकावे लागले. पुढे आकडा किंवा आरोप दोनदा पारखल्याशिवाय त्यांनी तोंडातून काढला नाही.

1902 मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. दुष्काळाच्या वर्षांतही सरकारी तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक कशी, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात मांडला. ही शिल्लक सुबत्तेची नसून चढवलेल्या रुपयाच्या भावाची आणि जड करांची आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. 1903 पासून मिठावरील कर उतरू लागला, त्यात या टीकेचा वाटा होता.

आपल्याला जे शिक्षण रानड्यांमुळे योगायोगाने लाभले ते इतरांना योजनापूर्वक द्यावे, म्हणून 12 जून 1905 रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. नव्या सदस्याने पाच वर्षे उमेदवारी करावी, अभ्यास करावा, देश हिंडावा, असा नियम होता. या शिक्षणाची मर्यादाही येथेच दिसते. त्यातून सभागृहातील मनुष्य तयार होई. मैदानातील गर्दीशी बोलणारा नव्हे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. मंडळाबाहेर त्यामागे उभा राहील असा लोकसमूह त्यांच्यापाशी नव्हता.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत एक गोष्ट घडली. या नियतकालिकाच्या वाचकांना ती विशेष वाटेल. कोकणी मुसलमानांच्या सभेत गोखल्यांनी मराठीत बोलावे असा गांधींनी आग्रह धरला, आणि त्या मराठीचे हिंदुस्थानी भाषांतर स्वतः गांधींनी केले. सार्वजनिक आयुष्याचा बहुतेक व्यवहार इंग्रजीत केलेल्या या गृहस्थाला मायबोलीकडे वळविले ते एका गुजराती शिष्याने.

1915 च्या जानेवारीत गांधी परतले तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले, की वर्षभर देश पाहायचा, पण सार्वजनिक प्रश्नांवर बोलायचे नाही. 19 फेब्रुवारीस गोखले वारले. समाजाच्या सदस्यांत मतभेद आहेत असे दिसताच गांधींनी सदस्यत्वाचा अर्ज मागे घेतला, पण वचन पाळले. ती मुदत सरल्यावर, 1916 च्या फेब्रुवारीत, त्यांचे खळबळजनक भाषण झाले ते काशीत. 1905 मध्ये गोखले काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते तेही याच नगरीत.