शर्यतवीर माइक हेलवुड

वेगाचें आकर्षण तरुण मनास स्वभावतःच असतें, व तें अगदींच वाईट आहे असें म्हणतां येणार नाहीं. परंतु वेग ज्याच्या हातीं आला त्याच्या अंगीं विवेक नसेल तर तो स्वतःचा व इतरांचाहि घात करतो. मोटारसायकलच्या शर्यतींत ज्याच्या तोडीचे स्वार फारच थोडे झाले, त्या माइक हेलवुडचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे. शौर्याचें जें पदक त्यास मिळालें, तें शर्यत सोडून थांबल्याबद्दल मिळालें, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

स्टॅन्ली मायकेल बेली हेलवुड असें त्याचें पूर्ण नांव. इंग्लंडांतील ऑक्सफर्डशायर परगण्यांत ता. २ एप्रिल १९४० रोजीं त्याचा जन्म झाला. वडील स्टॅन हेलवुड हे मोटारसायकलींचे धनाढ्य व्यापारी होते. त्यांनीं मुलास पँगबोर्न येथील नाविक विद्यालयांत घातलें. पण तेथें त्याचें मन रमलें नाहीं. १९५७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो ओल्टन पार्क येथें आपल्या पहिल्या शर्यतींत उतरला व अकरावा आला. उत्तमोत्तम गाड्या पुरविणारा पिता पाठीशीं असल्यावर, हा पैशाच्या बळावर मिरविणारा मुलगा, अशी कुजबूज होणें साहजिकच होतें. परंतु पैशानें गाडी विकत मिळते, ती चालविण्याचें कौशल्य मिळत नाहीं. तें माइकनें स्वतःच्या श्रमानें मिळविलें.

इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रांत आइल ऑफ मॅन नांवाचें बेट आहे. तेथील टूरिस्ट ट्रॉफीची शर्यत जगप्रसिद्ध आहे. तिच्यासाठीं निराळें मैदान नाहीं. गांवांतून व डोंगरावरून जाणारे नेहमींचेच रस्ते रहदारीस बंद करून त्यांवर ती खेळली जाते. एका फेरीचें अंतर सुमारें पावणेअडतीस मैल. दोहों बाजूंस दगडी भिंती, घरें व खांब. वळणें तर शेंकडों. प्रत्येक वळण पाठ असल्यावांचून तेथें निभाव लागत नाहीं, आणि अनेक स्वारांनीं तेथें प्राणहि गमावले आहेत. १९६१ सालीं हेलवुडनें या बेटावर एकाच सप्ताहांत तीन शर्यती जिंकल्या. असा पराक्रम पूर्वीं कोणींहि केला नव्हता. चौथ्या शर्यतींतहि तो आघाडीवर होता, पण एंजिन मोडल्यामुळें ती हातची गेली.

त्याच वर्षीं होंडा गाडीवर २५० सी. सी. वर्गाचें जगज्जेतेपद त्यास मिळालें. पुढें एम. व्ही. अगुस्ता या इटालियन कारखान्याच्या गाडीवर त्यानें १९६२ ते १९६५ अशीं चार वर्षें लागोपाठ ५०० सी. सी. वर्गाचें जगज्जेतेपद राखलें. नंतर होंडाकडे परत येऊन १९६६ व १९६७ या दोन्ही वर्षीं २५० व ३५० सी. सी. अशा दोन-दोन वर्गांत तो अजिंक्य ठरला. एकूण नऊ जगज्जेतेपदें व जागतिक शर्यतींतील ७६ विजय त्याच्या नांवावर आहेत.

१९६७ सालीं आइल ऑफ मॅनवर इटलीच्या जाकोमो अगोस्तिनीशीं झालेला त्याचा सामना आजहि रसिक आठवतात. हेलवुडच्या गाडीची वेग वाढविण्याची मूठ सैल झाली. पेट्रोल घेण्यास थांबला असतां त्यानें हातोडी मागून घेतली, मूठ ठोकली, आणि तो पुनः निघाला. अखेरीस अगोस्तिनीची सांखळी तुटली व विजय हेलवुडकडे आला. त्या दिवशीं त्यानें एक फेरी ताशीं १०८.७७ मैल वेगानें पुरी केली. हा उच्चांक १९७५ पर्यंत अबाधित राहिला.

१९६८ सालीं होंडानें मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींतून अंग काढून घेतलें, तेव्हां हेलवुड मोटारींच्या शर्यतींकडे वळला. तेथें त्याला पूर्वींइतकें यश आलें नाहीं. पण त्याच्या आयुष्यांतील सर्वांत थोर घटका त्याच क्षेत्रांत उगवली.

ता. ३ मार्च १९७३ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील क्यालामी येथें शर्यत चालू असतां त्याच्या मोटारीची व स्वित्झर्लंडच्या क्ले रेगाझोनीच्या मोटारीची टक्कर झाली. रेगाझोनी बेशुद्ध होऊन पट्ट्यांनीं जखडलेला तसाच आंत राहिला व मोटारीनें पेट घेतला. हेलवुड स्वतःच्या मोटारींतून उतरून धांवला आणि ज्वाळांत हात घालून पट्टे सोडवूं लागला. त्याच्याच कपड्यांना आग लागली. ती विझतांच तो पुनः त्या आगींत शिरला व प्रतिस्पर्ध्यास बाहेर काढूनच थांबला. रेगाझोनी वांचला, आणि पुढच्याच वर्षीं जागतिक स्पर्धेंत दुसरा आला. या कृत्याबद्दल ब्रिटिश सरकारनें हेलवुडला जॉर्ज पदक दिलें.

१९७४ सालीं जर्मनींतील नुर्बुर्गरिंग येथील अपघातांत त्याचा पाय फार दुखावला व मोटारींच्या जागतिक शर्यती सुटल्या. कांहीं काळ त्यानें न्यूझीलंडमध्यें वास्तव्य केलें. सर्वांस वाटलें, आतां हा संपला. परंतु १९७८ सालीं, अकरा वर्षांच्या खंडानंतर, तो आइल ऑफ मॅनवर परत आला आणि दुकाती गाडीवर शर्यत जिंकून गेला. त्या वेळीं त्याचें वय अडतीस होतें. पुढील वर्षीं सुझुकी गाडीवर तेथील चौदावा विजय मिळवून तो निवृत्त झाला.

ता. २१ मार्च १९८१ रोजीं सायंकाळीं आपल्या दोन मुलांस मोटारींत घेऊन तो घरच्या जेवणासाठीं तळलेले मासे आणण्यास निघाला होता. वाटेंत एक मालवाहू लॉरी रस्त्याच्या मध्यांतून नियमाविरुद्ध वळत होती. तिच्यावर त्याची मोटार आदळली. नऊ वर्षांची मुलगी जागींच ठार झाली. मुलगा वांचला. दोन दिवसांनीं हेलवुडनेंहि प्राण सोडला.

दगडी भिंतींमधून ताशीं शंभर मैलांवर धांवणारा हा पुरुष एका साध्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या क्षणभर बेपर्वाईनें गेला. विद्यार्थी मित्रांनो, शर्यतीसाठीं बंद केलेल्या रस्त्यावर समोरून कोणी येत नाहीं. आपल्या गांवच्या रस्त्यावर मात्र कोणाचा तरी पिता व कोणाचें तरी लेंकरूं नेहमींच येत असतें. ज्यास हेलवुडचें अनुकरण करावयाचें असेल, त्यानें त्याच्या वेगाचें करूं नये. क्यालामी येथें दुसऱ्याच्या प्राणासाठीं तो आगींत पुनः शिरला, त्या धैर्याचें करावें. तें दाखविण्यास मोटारसायकल लागत नाहीं.