क्ष-किरणांचे जनक : विल्हेल्म राँटगेन

दाढ ठणकू लागली म्हणजे लहानथोर कोणासही दुसरे काही सुचत नाही. वरून पाहावे तर दात शुभ्र आणि धड दिसतो. कीड मात्र दोन दातांच्या सांदीत किंवा पू मुळाशी दडून बसलेला असतो. अशा वेळी दंतवैद्य एक लहानसे छायाचित्र घेतो आणि रोगाचे बिंग फुटते. ही दृष्टी ज्यांनी जगाला दिली, त्या शास्त्रज्ञाचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

विल्हेल्म कोनराट राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडिलांचा कापड तयार करण्याचा व विकण्याचा धंदा होता. विल्हेल्म तीन वर्षांचा असताना हे कुटुंब हॉलंडमध्ये जाऊन राहिले. शाळेत त्याची बुद्धी विशेष चमकली नाही. रानावनांत भटकावे आणि स्वतःच्या हातांनी यंत्रे जुळवावीत, हाच त्याचा नाद. पुढे उट्रेख्ट येथील तंत्रशाळेत असताना एका वर्गबंधूने शिक्षकांचे व्यंगचित्र काढले आणि ठपका विल्हेल्मवर आला. खऱ्या अपराध्याचे नाव त्याने सांगितले नाही. परिणामी त्यालाच शाळा सोडावी लागली आणि शाळा पूर्ण केल्याचा दाखला हातचा गेला.

दाखल्यावाचून पुढील वाट बिकट होती. परंतु झुरिच येथील तंत्रविद्यालयात परीक्षा देऊन प्रवेश मिळतो असे कळताच त्याने ती परीक्षा दिली. तेथे तो यंत्रविद्या शिकला आणि १८६९ साली झुरिच विद्यापीठाचा डॉक्टर झाला. तरीही जुनी उणीव आड आलीच. शालेय शिक्षण रीतसर झालेले नाही म्हणून व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने या तरुणास अध्यापनाचा अधिकार नाकारला. मात्र राँटगेन निराश झाले नाहीत. १८८८ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलाविले आणि १८९४ साली ते तेथील प्रमुखपदी निवडले गेले!

८ नोव्हेंबर १८९५ च्या सायंकाळी राँटगेन आपल्या प्रयोगशाळेत एका निर्वात नळीतून विजेचा प्रवाह सोडीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली, खोलीत अंधार. तरीही काही अंतरावरील रसायनाचा लेप दिलेला पडदा उजळला. नळीतून काही अदृश्य किरण निघत असले पाहिजेत, हे त्यांनी ताडले. पुढील कित्येक आठवडे ते प्रयोगात गढून गेले. कागद, लाकूड, जाडजूड पुस्तक यांतून हे किरण आरपार जात. शिसे मात्र त्यांना अडवी. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बेर्टा यांच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. किरणांचे स्वरूप अज्ञात होते, म्हणून गणितातील अज्ञात राशीप्रमाणे त्यांना क्ष-किरण हे नाव मिळाले.

या शोधावर एकस्व घेतले असते, तर राँटगेन यांना अपार द्रव्य मिळते. त्यांनी ते घेतले नाही. शोध साऱ्या जगाचा आहे, ही त्यांची धारणा होती. त्याचे फळ पाहा. शोधनिबंध डिसेंबरअखेर प्रसिद्ध झाला आणि जानेवारी १८९६ मध्येच ओटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचे क्ष-किरण छायाचित्र घेतले! त्यासाठी त्यांना सुमारे पंचवीस मिनिटे निश्चल राहावे लागले. आज तेच काम क्षणार्धात होते.

दातांचे पदार्थ कठीण व चुनामय असल्याने ते किरणांना अडवितात आणि चित्रात पांढरे दिसतात. किडीने पोखरलेला भाग मात्र काळसर दिसतो. त्यामुळे दुखणे सुरू होण्यापूर्वीच कीड सापडते. हिरडीखाली आडवी अडकलेली अक्कलदाढ, मुळाशी झालेला पू, झिजलेले जबड्याचे हाड हेही कळते आणि कित्येक दात उपटण्यावाचून वाचतात.

या ज्ञानाची किंमतही काहींनी मोजली. अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६ पासून हे तंत्र वापरले. किरणांपासून होणारी इजा तेव्हा पुरती ठाऊक नव्हती. वर्षानुवर्षे त्यांचा हात किरणांपुढे येत राहिला. त्या हातास कर्करोग झाला, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, बोटे गेली आणि अखेर हातही गेला. १९२८ साली त्यांचे निधन झाले. आज किरणांची मात्रा अगदी अल्प असते, तरीही गरज असेल तेव्हाच चित्र घ्यावे हा नियम आहे, आणि चित्र घेताना दंतवैद्य दूर उभा राहतो. ही सावधगिरी अशा पूर्वसूरींच्या दुःखातून आली आहे.

१९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक राँटगेन यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी आपल्या विद्यापीठास देऊन टाकली. पहिल्या महायुद्धानंतरच्या भयंकर चलनवाढीत त्यांची स्वतःची पुंजी आटली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचा अंत झाला.

राँटगेन यांनी आपला शोध जगाला मोकळा करून दिला, त्याच दशकात, १८९३ साली, आपल्या सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणास आरंभ केला. एक जर्मनीतील प्राध्यापक, दुसरे बडोद्याचे अधिपती. ज्ञान कुलुपात ठेवावयाचे नसते, हे दोघांनीही आपल्या कृतीने दाखविले. यापुढे दंतवैद्याच्या खुर्चीत बसून ते इवलेसे काळेपांढरे चित्र पाहाल, तेव्हा दाखल्यावाचून शाळेबाहेर पडलेल्या त्या मुलाची आठवण ठेवा.