कंपवाताची उघड कहाणी

१९४६ साली पुण्यात चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे छायाचित्र टिपणाऱ्या अमेरिकन छायाचित्रकर्त्या मार्गारेट बोर्क-व्हाइट यांचे नाव वाचकांना अपरिचित नसावे. आधी सूत कातायला शिका, मग कॅमेरा काढा, अशी अट त्यांना घालण्यात आली होती. ते कातणे काही त्यांना धड जमले नाही. एरवी मात्र हात विलक्षण तयारीचे. कोरियातील युद्ध टिपून झाल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, डावा पाय दुखू लागला आणि हळूहळू बोटे आखडू लागली. निदान झाले कंपवाताचे. मेंदूतील पेशी क्रमाक्रमाने नष्ट होणाऱ्या या विकारावर लेव्होडोपा हे औषध तेव्हा प्रचारात नव्हते. कागद चुरगाळून त्याचे गोळे करणे, हा त्यांचा नित्याचा व्यायाम होऊन बसला. आजार त्यांनी सहकाऱ्यांपासून बरीच वर्षे लपविला. काम हातचे जाईल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

१९५९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. आयर्व्हिंग कूपर यांनी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकात या आजाराची सचित्र हकीकत बाईंनी स्वतःच प्रसिद्ध केली. आयुष्यभर इतरांची दुःखे टिपलेल्या बाई आता आल्फ्रेड आयझेनस्टाट या सहकाऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे रुग्ण म्हणून उभ्या राहिल्या. रणभूमीवरील त्यांच्या साहसांपेक्षा हे धैर्य आम्हांला अधिक मोलाचे वाटते. शस्त्रक्रियेने ताठरपणा उणावला, रोग थांबला नाही. १९६१ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली, पण वाणी अडखळू लागली. तरी १९६३ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले आणि आजाराचा वृत्तांत त्यातही त्यांनी मोकळेपणाने दिला. २७ ऑगस्ट १९७१ रोजी कनेक्टिकट राज्यात त्यांचे निधन झाले.